खुर्चीतून उठवणारी साधने आणि खुर्चीत बसवून ठेवणारी साधने

दिवसाचे आठ-नऊ तास हिशेबाच्या तक्त्यांसमोर बसून काढणाऱ्या माणसाने व्यायामाची छोटी साधने विकत घ्यावीत की नाही, हा प्रश्न मी स्वतःपुरता गेल्या अकरा महिन्यांत निकालात काढला आहे. या काळात टेबलाखाली ठेवायचे पेडल यंत्र, मोठा फुगवायचा चेंडू, रबरी पट्ट्यांचा संच, डंबेलच्या जोड्या, दाराच्या चौकटीत बसणारी लोखंडी दांडी, उड्या मारण्याची दोरी आणि पावले मोजणारे मनगटी घड्याळ अशा सात वस्तू मी कमी-अधिक काळ वापरल्या. प्रत्येक वस्तू किती वेळा हातात घेतली याची नोंद टेबलावरच्या एका वहीत उभ्या रेघा ओढून ठेवत गेलो, कारण एक तर हिशेब लिहिण्याची सवय सुटत नाही, आणि दुसरे म्हणजे व्यायाम केल्यासारखे वाटणे आणि तो खरोखर केलेला असणे यांत किती अंतर असते, हे त्या रेघांनी मला पहिल्याच महिन्यात दाखवून दिले. कंपन्यांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत. इतक्या साध्या वस्तूंच्या बाबतीत नावापेक्षा घडण महत्त्वाची असते आणि ती हातात घेऊन पाहता येते.

साधनांची पारख करण्याआधी त्यांच्याकडून नेमके काय हवे हे ठरवणे आवश्यक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस शरीरातील सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचे काम द्यावे आणि बसून राहण्याचा वेळ कमी करावा. माझ्या नजरेला ही तीन वेगळी खाती दिसतात. रोज सकाळी झपाझप चालून येणारा माणूस पहिले खाते नियमित भरतो, पण पाठ आणि दंड यांचे दुसरे खाते कोरेच राहते, आणि त्यानंतर तो सलग चार तास खुर्चीत बसला की तिसऱ्यातील उधारी वाढू लागते. एका खात्यातील जमा दुसऱ्यात वळती करता येते, नाही असे नाही. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये आढळणारा अकाली मृत्यूचा वाढीव धोका रोज साधारण ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रम करणाऱ्यांत दिसेनासा झाला होता. मात्र रोज सव्वा तास काढणे ज्याला जमते, त्याला टेबलाखालच्या यंत्रांची चौकशी करण्याची वेळ सहसा येत नाही.

बैठ्या कामाच्या चर्चेत लंडनच्या बसगाड्यांचा दाखला नेहमी दिला जातो. ब्रिटिश वैद्यकीय संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली असे दाखवले की, दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचा त्रास बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी होत होता. पुढे १९५६मध्ये त्यांनीच गणवेशांच्या मापांचा अभ्यास केला, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर तरुण वयापासूनच वाहकांपेक्षा मोठी असल्याचे आढळले, म्हणजे सगळे श्रेय जिन्यालाच देता येत नाही. तरीही या दाखल्यातील एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. ते वाहक व्यायाम करायचा म्हणून जिना चढत नव्हते. तिकिटे फाडायची तर चढावेच लागत होते. म्हणून प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारायचे ठरवले, की हे मला खुर्चीतून उठायला लावते, की खुर्चीत बसून राहण्याची सबब पुरवते.

पेडल यंत्रापासून सुरुवात करतो, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली आणि मोठी निराशाही तिथेच पदरी पडली. काम न थांबवता व्यायाम होईल, हे त्याचे आश्वासन बैठे काम करणाऱ्याला लगेच भुरळ घालते. पहिली अडचण उंचीची आली. माझ्या टेबलाची उंची ७३ सेंटिमीटर आहे आणि त्याखाली कळफलकाचा सरकता कप्पा होता, त्यामुळे पेडल वर येताच गुडघा त्या कप्प्यावर आपटू लागला आणि तो कप्पा काढूनच टाकावा लागला. दुसरी अडचण चाकांच्या खुर्चीची. पायाने पेडल पुढे ढकलले की खुर्ची तेवढीच मागे सरकते, आणि दहा-बारा फेऱ्यांत माणूस टेबलापासून हातभर लांब गेलेला असतो. यंत्र आणि खुर्चीचा पाय यांना जोडणारा पट्टा काही यंत्रांसोबत मिळतो. माझ्या यंत्राबरोबर तो नव्हता, म्हणून मी जुन्या बॅगेचा पट्टा बांधला आणि मग फोन घ्यायला उठताना दोनदा त्यातच अडखळलो.

या यंत्रांतील विरोध दोन प्रकारे निर्माण केला जातो. स्वस्त यंत्रात फिरत्या चाकावर किंवा आसावर नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा, पट्टा घट्ट आवळला जातो. घर्षणाने तो तापतो, झिजतो, त्याचा काळसर भुगा खाली पडतो आणि काही आठवड्यांनी तो कुरकुरू लागतो. दुसऱ्या प्रकारात धातूच्या चाकाजवळ चुंबक आणला जातो. चाक फिरताना त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उत्पन्न होतात आणि तेच चाकाला मागे खेचतात. त्यात काहीच एकमेकांवर घासत नाही, म्हणून आवाज नाही आणि झीजही जवळजवळ नाही. मी अनुभव नसल्यामुळे पहिला प्रकार घेतला. पंधरा मिनिटे पेडल मारल्यावर तो पट्टा आवळण्याची वरची खुंटी हाताला गरम लागत असे, आणि दुसऱ्या महिन्यात तर फोनवर पलीकडून बोलणाऱ्या बाईंनी ‘तुमच्याकडे कसला आवाज येतोय?’ असे विचारले. घ्यायचेच असेल तर चुंबकाचे घ्यावे, बुड जड असलेले घ्यावे, आणि घेण्याआधी आपल्या खुर्चीत बसून गुडघ्यापासून टेबलाच्या खालच्या बाजूपर्यंत किती मोकळी जागा उरते ते मोजावे.

छोट्या पडद्यावर दिसणाऱ्या उष्मांकांच्या आकड्याकडे पाहूही नये. माझे वजन किती आणि खुंटी किती आवळलेली आहे हे त्या यंत्राला ठाऊकच नसते. ते केवळ फेऱ्या मोजते आणि एका ठरावीक संख्येने गुणते. खुंटी पूर्ण सैल सोडून पाय नुसते गरगर फिरवले तेव्हा त्याने माझे सर्वाधिक कौतुक केले होते.

खरी अडचण मात्र यंत्राच्या घडणीत नव्हती, कामाच्या स्वरूपात होती. वाचन, बैठकीत नुसते ऐकणे, पत्राचा मजकूर टंकणे हे पेडल मारताना जमते. आकडे भरणे जमत नाही. कमरेचा झोका खांद्यातून मनगटात उतरतो आणि माउसची खूण एका रकान्यावर स्थिर राहत नाही. एकदा एका स्तंभातील रक्कम शेजारच्या स्तंभात गेली आणि ती शोधण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात पायी फिरून आलो असतो. वहीत पहिल्या आठवड्यात या यंत्रासमोर अकरा रेघा आहेत, सहाव्या आठवड्यात दोन आणि दहाव्यात एकही नाही. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, ते वापरत होतो तेव्हा संध्याकाळी पायांना येणारा जडपणा जाणवण्याइतका कमी झाला होता, आणि त्यात नवल नाही, कारण पायांतील रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते स्नायू निदान हलत तरी होते. पण कंबर वाकलेली ती वाकलेलीच, खांदे पुढे झुकलेले ते झुकलेलेच, आणि मी खुर्चीत तो खुर्चीतच. उलट आता पाय हलत असल्यामुळे उठण्याची गरज नाही, असे मी स्वतःला समजावू लागलो होतो.

फुगवायच्या मोठ्या चेंडूची गोष्ट जवळपास अशीच आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. अक्विलिनो कोसानी या इटालियन प्लास्टिक उत्पादकाने १९६३ साली तयार केलेला हा चेंडू आधी फिजिओथेरपीत रुळला आणि फार नंतर खुर्चीच्या जागी आला. तो ४५, ५५, ६५ आणि ७५ सेंटिमीटर अशा मापांत मिळतो, आणि बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील ते माप योग्य समजावे. पहिल्यांदा पूर्ण न फुगवता एक दिवस तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी उरलेली हवा भरावी लागते, हे माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले होते आणि मी ते नंतर वाचले. चेंडूवर बसल्याने पोट-पाठीचे स्नायू सतत काम करतात, असा दावा केला जातो. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात २००६च्या सुमारास झालेल्या चाचण्यांत मात्र कार्यालयीन खुर्चीच्या तुलनेत स्नायूंच्या कामात फारसा फरक दिसला नाही आणि अस्वस्थता वाढली. माझाही अनुभव तोच. पहिली वीस मिनिटे ताठ बसलो, त्यानंतर चेंडूवरही तितकाच पोक काढून बसलो, आणि टेकायला पाठ नसल्यामुळे कंबर अधिक दुखली. आसन म्हणून त्याचा उपयोग मी सोडून दिला. संध्याकाळी त्यावर पालथे पडून पाठीचा बाक सरळ करायला तो उत्तम आहे, फक्त उरलेला पूर्ण दिवस तो खोलीभर फिरत असतो.

उभ्याने काम करता येईल असे उंच टेबल मी घेतले नाही, तरी त्याविषयी वारंवार विचारणा होते म्हणून एकच गोष्ट नोंदवतो. उभे राहण्याने बसण्यापेक्षा मिनिटाला साधारण ०.१५ किलोकॅलरी अधिक खर्च होतात, असे २०१८मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. त्या हिशेबाने ६५ किलो वजनाची व्यक्ती रोज सहा तास उभी राहिली तर ५४ किलोकॅलरींचा फरक पडतो. स्थिती बदलण्यासाठी ते टेबल चांगले आहे. त्याला व्यायाम म्हणता येणार नाही.

आता ज्या वस्तूसाठी हा सगळा मजकूर लिहायला घेतला, त्या रबरी पट्ट्यांकडे येतो. संचात वेगवेगळ्या जाडीचे पाच सपाट पट्टे, दोन मुठी आणि दाराच्या फटीत अडकवायचा एक फासा एवढेच होते. सगळे मिळून चपलांच्या खोक्यात मावेल इतके आणि एखाद्या जाड पुस्तकापेक्षा हलके. पहिल्या दिवशी हे फारच किरकोळ वाटले होते. आठव्या आठवड्यापासून मात्र वहीतील सर्वाधिक रेघा याच नावापुढे आहेत, आणि बहुतेक दिवशी त्या चार किंवा पाच आहेत.

यामागे पट्ट्याचा गुण आहे तितकाच त्याच्या जागेचाही आहे. संच खोक्यात होता तोवर आठवड्याला दोन रेघा पडत होत्या. त्यातील मधला पट्टा मी टेबलासमोरच्या दाराच्या मुठीवर लटकवून ठेवला, त्या दिवसापासून रेघा वाढल्या. पाणी प्यायला उठलो की तो समोर दिसतो, हाताला येतो आणि दीड मिनिटात काम होते. कपडे बदलावे लागत नाहीत, घाम येण्याआधी संपते आणि परत येऊन बसल्यावर मनगट थरथरत नाही. शिवाय हे काम बसून नीट करताच येत नाही. पट्टा पायाखाली धरायचा असो किंवा दाराला अडकवून ओढायचा असो, उठावे लागते. मी ठरवलेल्या प्रश्नाला सरळ होकार देणारे हे पहिले साधन.

बैठ्या कामाने शरीराला जो बाक येतो, त्याच्या नेमका उलट ताण पट्ट्याने देता येतो, हे त्याचे दुसरे मोठे बलस्थान. खुर्चीत बसलेल्या माणसाचे हात दिवसभर पुढे असतात. छातीचे स्नायू आखडतात आणि खांद्यांच्या पात्यांमधले स्नायू ताणलेल्या स्थितीत नुसते पडून राहतात. पट्टा छातीच्या उंचीवर दोन्ही हातांत धरून हात बाजूंना उघडणे, दाराला कमरेच्या उंचीवर अडकवून वल्हे मारल्यासारखे कोपर मागे ओढणे, आणि कोपर कुशीला चिकटवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवणे हे तीन प्रकार मी प्रत्येकी बारा ते पंधरा वेळा करतो. ढकलण्याचे व्यायाम तर जमिनीवर जोर काढूनही होतात. ओढण्याचे व्यायाम साधनाशिवाय करणे कठीण असते आणि बैठ्या माणसाला गरज ओढण्याचीच जास्त असते. तीन महिन्यांनंतर दुपारी चारच्या सुमारास मानेच्या मुळाशी जी कळ यायची, ती बहुतेक दिवशी येईनाशी झाली. हा एका माणसाचा अनुभव आहे आणि त्याला तेवढेच वजन द्यावे.

खरेदी करताना पाकिटावरच्या किलोंच्या आकड्याने फसू नये. रबराचा विरोध तो किती ताणला यावर अवलंबून असतो. मूळ लांबीच्या दीडपट ताणल्यावर लागणारी ओढ आणि दुप्पट ताणल्यावर लागणारी ओढ यांत बराच फरक असतो, म्हणून कोणत्या ताणाला किती किलो हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. रंगांचेही तसेच आहे. एका कंपनीचा हिरवा दुसरीच्या लाल पट्ट्याइतका असू शकतो, त्यामुळे रंग सांगून कोणाचा सल्ला घेणे व्यर्थ आहे. एक युक्ती मात्र सांगण्यासारखी आहे. पट्टा मधोमध दुमडून दुहेरी धरला तर त्याचा ताठरपणा दुप्पट नव्हे, चौपट होतो, कारण प्रत्येक अर्धा भाग लांबीने निम्मा झाल्यामुळे आधीच दुप्पट ताठर असतो आणि असे दोन भाग एकत्र ओढावे लागतात. अर्थात ताणायला लांबीही निम्मीच उरते. तरीही हे कळल्यावर पाचांतील दोन पट्टे माझ्यासाठी निरुपयोगी ठरले, आणि तीन पट्ट्यांचा संच सहज पुरला असता असे वाटले.

दोष अर्थातच आहेत. नैसर्गिक रबराला सुरुवातीला उग्र वास येतो आणि तो जायला दोन-तीन आठवडे लागतात. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर लेटेक्सविरहित असे स्पष्ट लिहिलेला पट्टाच घ्यावा. सपाट पट्ट्याच्या कडा ओढताना गुंडाळल्या जातात आणि तळहाताला काचतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे रबर म्हातारे होते. ऊन, घाम आणि हवेतील ओझोन यांमुळे त्यावर बारीक भेगा पडतात. माझा पट्टा खिडकीसमोरच्या दारावर सहा महिने उन्हात लटकत होता आणि एके दिवशी ओढता ओढता तुटून पुढच्या हातावर असा बसला की वळ दोन दिवस राहिला. तो डोळ्यावर बसला असता, हा विचार मला नंतर सुचला. विक्रेत्याने ‘वापराने झालेली झीज’ म्हणून बदलून द्यायला नकार दिला, आणि खरे सांगायचे तर त्याचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते. आता पट्टा सावलीतल्या दारावर असतो, आठवड्यातून एकदा उजेडात ताणून भेगा पाहतो, आणि कोणताही पट्टा चेहऱ्याच्या दिशेने ओढत नाही. दाराला फासा लावताना दार आपल्या बाजूला उघडणारे असेल तर त्याला कडी घालायलाच हवी. आपल्या विरुद्ध बाजूला उघडणारे दार अधिक सुरक्षित, कारण ओढ त्याला चौकटीवर घट्ट दाबते.

पट्ट्यांना एक गोष्ट जमत नाही, आणि तिथे डंबेल लागतात. पायांचे आणि कमरेचे मोठे स्नायू इतके बलवान असतात की मधल्या जाडीचा पट्टा त्यांना जेमतेम जाणवतो. मी पहिल्या खरेदीत प्रत्येकी दोन किलोची गुलाबी वेष्टनाची जोडी घेण्याची चूक केली. ती आता कागद उडू नयेत म्हणून वापरली जाते. नंतर प्रत्येकी आठ किलोची षट्कोनी टोकांची, रबराने मढवलेली जोडी घेतली. षट्कोनी टोके दिसायला ओबडधोबड असली तरी ती जमिनीवर गडगडत जात नाहीत, आणि टेबलाजवळ ठेवायच्या वस्तूत हा गुण अनमोल आहे. चकत्या बदलून वजन कमी-जास्त करण्याचे डंबेल व्यायामशाळेची उणीव भरून काढणाऱ्यांसाठी चांगले असतील. कामाच्या मधल्या दोन मिनिटांत फिरकी काढून चकती बदलण्यातच ती दोन मिनिटे संपतात.

एक डंबेल छातीशी उभे धरून खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकायचे आणि पुन्हा उठायचे, असे दहा-बारा वेळा केले की मांड्यांना काम मिळते. यात खुर्चीच व्यायामाचे उपकरण होते, याचे मला अजूनही थोडे हसू येते. फोन आला की दोन्ही हातांत दोन डंबेल घेऊन, कानात इअरफोन लावून खोलीत फेऱ्या मारणे हा दुसरा प्रकार. मुठी, पुढचे हात आणि पाठ यांना तो चांगलाच पिळतो, फक्त बोलताना धाप पलीकडे ऐकू जाते म्हणून जास्त ऐकायचे असलेल्या फोनसाठीच तो राखून ठेवावा. वजन उचलताना श्वास रोखून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाबाचा, मणक्याचा किंवा खांद्याचा जुना त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. डंबेलसमोर आठवड्याला सरासरी सात-आठ रेघा आहेत, आणि ताकदीचे खाते नियमित भरण्याइतके ते पुरेसे आहे.

दाराच्या चौकटीतील दांडीचे दोन प्रकार असतात. एक पीळ देऊन दोन्ही बाजूंच्या चौकटीत ताठ बसवायचा आणि दुसरा चौकटीच्या वरच्या कडेवर तरफेसारखा टेकणारा. पहिल्याने माझ्या चौकटीवर दोन गोल खळगे पाडले आणि एकदा तो माझ्या वजनाने दोन बोटे खाली घसरला, तेव्हापासून मी त्यावरचा विश्वास सोडला. दुसरा अधिक भरवशाचा आहे, पण त्यासाठी वर रुंद आणि मजबूत पट्टी असलेली चौकट लागते. स्वतःला वर ओढून घेणे मला जमत नाही. पाय जमिनीला अर्धवट टेकवून वीस सेकंद लटकतो, आणि सलग बसल्यानंतर तेवढ्यानेही पाठ मोकळी झाल्यासारखी वाटते. दोरीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मधोमध पाय ठेवून उभे राहिल्यावर मुठी काखेपर्यंत आल्या तर लांबी बरोबर, आणि व्यायाम म्हणून ती या सर्वांत जोरकस. परंतु पाच मिनिटांत अंग घामाने भिजते, खाली राहणाऱ्यांना त्रास होतो, आणि बैठकीला दहा मिनिटे उरली असताना कोणी दोरी हातात घेत नाही. ती सकाळच्या वेळेची वस्तू आहे.

घड्याळाची मी सुरुवातीला थट्टा करत होतो. ते हाताच्या हेलकाव्यावरून पावले ओळखते, म्हणून टेबलावर हात टेकवून अर्धा तास पेडल मारले तरी त्याच्या लेखी मी निद्रिस्त असे; शेवटी मी ते मोज्यात खोचून पाहिले आणि त्याने लगेच पावले मोजायला सुरुवात केली. रोज दहा हजार पावले ही त्याची मागणीही वैद्यकशास्त्रातून आलेली नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलेमापकाचे ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे नाव होते आणि तो गोल आकडा तिथून जगभर पसरला. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात फायद्याचा आलेख दिवसाला साधारण ७,५०० पावलांच्या आसपास सपाट झाला होता. म्हणून मी पावलांची सूचना बंद केली आणि फक्त ठरावीक वेळाने मनगटाला बसणारा कंप चालू ठेवला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील २०२३ सालच्या एका प्रयोगात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे चालणाऱ्यांच्या रक्तातील साखरेचा जेवणानंतरचा चढ लक्षणीय प्रमाणात कमी राहिला. त्यात केवळ अकरा जण होते, त्यामुळे त्यावर फार इमारत बांधू नये, पण दिशा पटण्यासारखी आहे. दर अर्ध्या तासाने उठणे मला कामात परवडत नाही. पाऊण तासाने उठतो. कंप झाला की उठायचे, दारावरचा पट्टा ओढायचा, पाण्याचा पेला भरून परत यायचे. पेला मी मुद्दाम लहान ठेवला आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीन जाडीचे पट्टे आणि दाराचा फासा घ्यावा, दोन महिने ते टिकले तर डंबेलची एकच, जरा जड वाटणारी जोडी आणावी, आणि कंप देणारे घड्याळ नसेल तर फोनमधला गजर लावावा. तोही तेच काम करतो. हातात दाबायची स्प्रिंग, तळव्याखाली फिरवायचा रूळ अशा वस्तू भेट म्हणून मिळाल्या तर ठेवाव्यात.

पेडल यंत्र तीन महिने कोपऱ्यात पडून होते. मग आमच्याच कामातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि फिजिओथेरपिस्टने त्यांना बसल्या बसल्या, जवळजवळ विरोधाशिवाय पाय फिरवायला सांगितले. त्यांना उठणेच मना होते, त्यामुळे माझा उठवण्याचा निकष त्यांच्या बाबतीत गैरलागू होता. मी नवा नमद्याचा पट्टा बसवून, जुन्या बॅगेच्या पट्ट्यासकट ते यंत्र त्यांच्याकडे पोहोचवले. खुंटी पूर्ण सैल असली की ते मुळीच कुरकुरत नाही, असे त्यांनी नंतर फोनवर सांगितले. पडद्यावरचे उष्मांक मात्र ते रोज मोठ्या अभिमानाने लिहून ठेवतात, आणि त्या आकड्याविषयी मी त्यांना अजून काही बोललेलो नाही.